गॅस न पेटवता: सलामी, चीज आणि पार्टीचा पहिला तास

आठ वाजता या म्हटलं की पहिली जोडी पावणेआठलाच बेल वाजवते आणि शेवटची नऊ वाजून गेल्यावर ‘पार्किंगच मिळेना’ म्हणत येते. या मधल्या वेळात लोकांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. आपल्या घरांत त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे कढई. कटलेट, कोळंबी फ्राय, चिकन लॉलीपॉप. चवीला उत्तमच, पण घरातलं एक माणूस सगळा वेळ ओट्यापाशी अडकतं, घामाघूम होतं आणि बाहेरचे विनोद त्याला भिंतीपलीकडून ऐकावे लागतात. आमच्याकडे ते माणूस मी होतो. शेवटी ठरवलं, पहिल्या तासाला गॅस पेटवायचाच नाही. सलामी, हॅम, चीज, फळं, आंबट-तिखट काहीतरी आणि कुरकुरीत काहीतरी. कापायचं, गुंडाळायचं, मांडायचं.

पहिला प्रयत्न साफ फसला. मे महिना, पुण्यातली गच्ची, संध्याकाळचे सात. परदेशी फोटोत असतं तसं भलं मोठं लाकडी पाट भरून सगळं एकदम मांडलं आणि पाहुण्यांची वाट बघत बसलो. पाऊण तासात बिस्किटं मऊ पडली, टोमॅटोचं पाणी चीजखाली साचलं, सलामीच्या कडा वाळून वर वळल्या आणि चीजच्या तुकड्यांवर तेलाचे बारीक थेंब आले. लोक भिडेखातर एकेक उचलत होते. दुसऱ्यांदा हात कोणी घातला नाही.

कढईत टाकलेल्या पदार्थाच्या बऱ्याच चुका आच सांभाळून घेते. जास्तीचं पाणी उडून जातं, शिळेपणा फोडणीत लपतो. इथे तसं काही नाही. इथे दोनच गोष्टी सांभाळायच्या: पाणी आणि उकाडा. पुढे जे काही सांगतोय त्यातली निम्मी खटपट या दोघांशीच आहे.

दुकानात

‘न शिजवता’ हे आपल्यापुरतं. मांस आधीच शिजवलेलं किंवा पूर्ण मुरवून वाळवलेलं असलंच पाहिजे. नवख्या माणसाची मोठी चूक इथेच होते, कारण सुपरमार्केटच्या त्या गार कपाटात सलामीच्या शेजारीच बेकन, कच्चे सॉसेज, नगेट्स आणि सीख कबाब रचून ठेवलेले असतात. पाकिटं सारखीच दिसतात. पाकीट उलटं करून वाचा. ‘रेडी टू ईट’ लिहिलं असेल तर घ्या. ‘रेडी टू कुक’, ‘खाण्यापूर्वी शिजवा’ किंवा ‘पूर्ण गरम करा’ असं असेल तर ते आजच्या कामाचं नाही. बेकन बहुतेक वेळा कच्चंच असतं, कितीही पातळ कापलेलं आणि धुरावलेलं दिसलं तरी.

गोव्याहून कोणी चोरिसांची, म्हणजे मसालेदार पोर्क सॉसेजची, माळ आणली असेल तर ती या ताटात घालायचा मोह आवरा. स्पेनमधला वाळवलेला चोरिझो तसाच कापून खातात, नावही सख्ख्या भावासारखं आहे, म्हणून गल्लत होते. गोव्याचा चोरीस मीठ, मिरची, मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरलेला असला तरी कच्चा असतो. त्याला कांद्याबरोबर कढईच हवी आणि त्याचं खरं सुख पावाबरोबर आहे.

आपल्याकडे पाकिटात मिळणारी चिकन किंवा पोर्क सलामी म्हणजे बारीक वाटलेलं मांस नळीत भरून शिजवलेलं असतं. इटलीतली सलामी वेगळी. तिथे मांस मीठ लावून आंबवतात आणि आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात, म्हणून ती घट्ट, आंबूस आणि खारट लागते. पार्माचं हॅम तर डुकराची मांडी, मीठ आणि वर्षाहून जास्त वेळ, एवढ्यावरच तयार होतं. हा फरक चवीपुरता नाही. वाळवलेल्या मांसात पाणी कमी, म्हणून ते ताटात बराच वेळ तग धरतं. आपली पाकिटातली सलामी ओलसर असते. ती फ्रिजबाहेर लवकर बिघडते आणि पाकीट फोडल्यावर फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांत संपवावी लागते. पैशाचा विचार केला तर मी साधी चिकन सलामी आणि स्मोक्ड चिकन मुख्य ठेवतो आणि वाळवलेली पोर्क सलामी किंवा पेपरोनी थोडीशीच, चवीला म्हणून घेतो. शंभर ग्रॅममध्ये तिचे भरपूर पातळ काप होतात आणि त्यांचा खारटपणा दूरवर पुरतो.

गोठवलेलं पाकीट असेल तर आदल्या रात्रीच फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर ठेवून सोडवू नका. बाहेरून मऊ, आतून दगड, आणि मधल्या वेळात जंतूंची दिवाळी.

आता चीज. ठेल्यावरच्या सँडविचमुळे आपली चीजशी ओळख स्लाइसमधून झाली, पण स्लाइस या कामाला निरुपयोगी. ठोकळा घ्या. प्रोसेस्ड चीजच्या ठोकळ्याला लोक नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये ते शोधलं गेलं तेच मुळी चीज गरम हवेत टिकावं म्हणून. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात त्याचे तुकडे चेडरच्या मानाने शहाण्यासारखे वागतात. मुलांनाही तेच आवडतं. मात्र सगळं ताट त्याच एका चवीचं करू नका. माझी मांडणी साधी असते: एक घट्ट, एक मऊ, एक ओलं. घट्टमध्ये चेडर किंवा गौडा, मऊमध्ये क्रीम चीज किंवा ब्री, ओल्यात मोझरेलाचे छोटे गोळे किंवा फेटा. हे सगळं आता भारतात बनतं. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमधल्या ला फर्मसारख्या ठिकाणची चीज बऱ्याच शहरांत मिळतात. निळ्या बुरशीचं चीज पहिल्याच पार्टीत नको. त्याचा वास शेजारच्या सगळ्यांना लागतो आणि दहांतले आठ जण विचारतात, ‘खराब तर नाही ना झालं?’

किती आणायचं? नंतर जेवण असेल तर माणशी पन्नास ग्रॅम मांस, पन्नास ग्रॅम चीज आणि पाच-सहा कुरकुरीत तुकडे. दहा जणांना अर्धा किलो आणि अर्धा किलो. नंतर जेवण नसेल आणि यावरच भागवायचं असेल तर दुप्पट. पहिल्यांदा करणारा हमखास जास्त आणतो, आणि बिर्याणी तशीच उरते.

पाण्याचा बंदोबस्त

द्राक्षं, टोमॅटो, काकडी, स्ट्रॉबेरी जे असेल ते सकाळीच धुवा आणि सुती फडक्यावर पसरून पूर्ण कोरडं करा. ‘पूर्ण’ म्हणजे पाठीमागून बोट फिरवलं तर बोट ओलं होता कामा नये. स्ट्रॉबेरीचे देठ मांडायच्या वेळीच काढा. काकडी कापून चिमूटभर मीठ लावा, दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपून घ्या. मोझरेलाचे गोळे पाण्यातून काढून चाळणीत ठेवा, मग फडक्यावर. ऑलिव्ह आणि बरणीतली व्हिनेगरची काकडी यांनाही हेच. बरणीतून थेट ताटात नाही.

दह्याचं काहीही वापरायचं असेल तर चक्काच वापरा. श्रीखंडाला बांधतो तसंच दही फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, खाली भांडं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. उन्हाळ्यात नळाला टांगून ठेवलेला चक्का आंबट होतो; श्रीखंडात साखर ते झाकते, इथे झाकायला कोणी नाही. अर्धा किलो दह्याचा साधारण दोनशे ग्रॅम चक्का मिळतो, दही किती घट्ट त्यावर थोडं कमी-जास्त. हा चक्का क्रीम चीजमध्ये निम्मा-निम्मा मिसळला की खर्च कमी होतो आणि चव हलकी होते. मला तर नुसत्या क्रीम चीजपेक्षा तोच जास्त आवडतो.

सलामीचे रोल

सुरुवात यानेच करा. वीसेक मिनिटांचं काम आहे आणि फसत नाही.

दीडशे ग्रॅम क्रीम चीज आणि तेवढाच चक्का एका वाडग्यात घ्या. दोन पाकळ्या लसूण बारीक किसून, ताजी कुटलेली मिरी, बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा शेपू घाला. शेपूला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा क्रीम चीजबरोबर खाऊन बघावी, उत्तर युरोपात ही जोडी रोजची आहे. मीठ घालू नका. सलामीत ते भरपूर असतं. चमच्याने घोटून एकजीव करा आणि अर्धा तास गार करा, म्हणजे पसरवताना वाहणार नाही.

ओट्यावर क्लिंग रॅपचा हातभर तुकडा पसरा. त्यावर सलामीच्या चकत्या मांडा, एकीची कड दुसरीवर बोटभर चढलेली, माशाच्या खवल्यांसारख्या. तीन ओळी, प्रत्येकीत चार-पाच. आता कागदी रुमाल वरून हलक्या हाताने दाबा. रुमाल ओला होईल. हेच ते पाणी. ते राहिलं असतं तर मिश्रण सलामीवरून घसरलं असतं आणि रोल कापताना उलगडला असता. मिश्रण सुरीच्या पात्याने पसरा, जाडी भाकरीएवढी, जास्त नको. पलीकडच्या कडेला दोन बोटं जागा मोकळी सोडा. अलीकडच्या कडेला व्हिनेगरच्या काकडीचे लांब तुकडे एका ओळीत टेकवा, किंवा लाल ढोबळी मिरचीच्या पट्ट्या. मग अळूवडीचा उंडा वळतो तसं, क्लिंग रॅप उचलत उचलत, घट्ट गुंडाळत न्या. पहिला वळसा सगळ्यात महत्त्वाचा. तो सैल राहिला तर मधे पोकळी राहते. शेवटी दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा आणि फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा.

कापायच्या वेळी उंडा रॅपसकट कापा, मग प्रत्येक तुकड्यावरचा रॅप काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात खाली. करवतीसारखी पुढेमागे नाही. दर दोन कापांनंतर पुसा. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. बाहेर गुलाबी, आत पांढरं, मधोमध हिरवा ठिपका. आमच्या मातोश्रींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, ‘सुरळीच्या वडीची बहीणच की.’

काड्या

टूथपिकवर चेरी टोमॅटो, मोझरेलाचा गोळा, तुळशीचं पान नव्हे तर बेसिलचं पान, आणि घडी घातलेली हॅमची चकती. इटलीत काप्री बेटाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या टोमॅटो-मोझरेला-बेसिलच्या सलाडलाच मांसाची जोड दिली, बाकी काही नाही. आपली तुळस घालू नका, ती लवंगेसारखी उग्र लागते. बेसिल नसेल तर पुदिना चालतो.

यात एकच कौशल्य आहे, हॅमची घडी. चकती अर्धी दुमडा, पुन्हा अर्धी, म्हणजे पानपट्टीसारखा त्रिकोण होतो. त्याच्या टोकातून काडी घाला. सपाट चकती टोचली तर ती लोंबते, खाताना हनुवटीला लागते. टोमॅटो कापू नका, अख्खाच टोचा. कापला की पाणी. आणि काडीचं टोक मोझरेलात संपवा, म्हणजे काड्या ताटात उभ्या राहतात.

उन्हाळ्यात याच काडीवर खरबूज आणि हॅम. इटलीत पार्माचं हॅम आणि खरबूज ही जोडी उन्हाळाभर चालते, कारण गोड-गार फळाला खारट मांस लागतंच. आपल्याकडचं खरबूज त्या मानाने कमी गोड निघतं, म्हणून कापण्याआधी देठाकडचा वास घ्या. वास नसेल तर ते आणि काकडी यात फरक नाही. कलिंगड घेऊ नका. पाणी.

चीजचा लाडू

दोनशे ग्रॅम चेडर किंवा प्रोसेस्ड चीज किसून, शंभर ग्रॅम क्रीम चीज, दोन चमचे चक्का, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची, चार-पाच चकत्या पेपरोनी किंवा वाळवलेली सलामी अगदी बारीक चिरून. मिसळा, गार करा, हाताला तेलाचा थेंब लावून मोठा एकच गोळा वळा आणि भाजलेल्या अक्रोडाच्या किंवा काजूच्या भरडीत घोळवा. भाजणं म्हणजे गॅस, हे मान्य. बाजारातून भाजलेलाच सुका मेवा आणा, नियम मोडायला नको. मोठा गोळा मधे ठेवून शेजारी लोणी लावायची बोथट सुरी ठेवा. किंवा लिंबाएवढे लहान लाडू वळा. लहान लाडू चटकन मऊ होतात, त्यामुळे ते पाचसहाच्या खेपेने बाहेर काढा.

ठेचा घातलेला लाडूही मी केलाय. छान लागतो, फक्त ठेचा कोरडा हवा आणि अर्धाच चमचा. चीजमुळे तिखट आधी जाणवत नाही आणि मग एकदम मागून येतं.

काकडीच्या जाड चकतीवर चक्क्याचा ठिपका आणि वर स्मोक्ड चिकनची पट्टी, हा चौथा प्रकार. कृती एवढीच. पण तो मांडायच्या पाच मिनिटं आधीच करायचा, म्हणून घरात मदतीला कोणी असेल तरच हाती घ्या.

सोबतीला काय

बाजारातले क्रॅकर चांगले असतात, पण एकदा सोलापूरची कडक भाकरी तोडून ठेवून बघा. चेडर आणि तिच्यावर किंचित शेंगाचटणी भुरभुरलेली. ही भाकरी मुळातच टिकण्यासाठी वाळवलेली, म्हणून चीजखाली लवकर मऊ पडत नाही. खाकराही चालतो, मेथीचा नको, साधा.

गोडाला साखरांबा किंवा मोरांबा. इंग्रज माणूस चेडरबरोबर आंब्याची गोड चटणी खातो, ती चव आपल्याकडे बरणीत तयारच आहे. छोट्या वाटीत, चमच्यासकट. जानेवारी ते मार्च असेल तर नाशिक-सांगलीकडची द्राक्षं आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एरवी सुके अंजीर आणि बेदाणे. मध ठेवायचा तर ब्रीजवळ. प्यायला कोकम सरबत द्या. खारट-तुपकट खाल्ल्यावर जिभेला आंबट हवंच असतं. या ताटाने तहान फार लागते, त्यामुळे साध्या पाण्याचा जगही हाताशी ठेवा.

ताट आणि परात

लाकडी पाटाचा नाद मी सोडला. आता स्टीलचं मोठं ताट, त्याखाली परात. परातीत बर्फ पसरायचा, बर्फावर जाड फडकं, फडक्यावर ताट. स्टील चटकन गार होतं आणि गारच राहतं. वितळलेलं पाणी परातीत राहतं, ताटात येत नाही. मात्र ताटाची कड परातीच्या पाण्याच्या बरीच वर राहील असं बघा. दिसायला ते फोटोतल्यासारखं नसतं हे खरं, पण दीड तासानंतर तो फोटोवालाही माझ्याच ताटाकडे येईल.

दुसरी युक्ती याहून मोलाची. एक मोठं ताट नाही, दोन मध्यम. एक बाहेर, एक फ्रिजमध्ये झाकून तयार. पहिलं अर्धं संपलं की आत नेऊन दुसरं आणायचं. अर्ध्या ताटात भर घालायची नाही, कारण तळाशी राहिलेला तुकडा मग सगळ्या पार्टीभर तळाशीच राहतो. नियम सरळ आहे: मांस आणि मऊ चीज फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यातल्या गच्चीवर म्हणजे एकच तास. घड्याळ लावा, मोबाइलवर, लाजू नका.

मांडताना आधी वाट्या ठेवा, मग चीज, मग मांस, मग फळं, आणि कुरकुरीत सगळ्यात शेवटी, तेही वेगळ्या थाळीत. बिस्किटाला ओल्या शेजाऱ्याची संगत नको. चीजचा अख्खा ठोकळा तसाच ठेवलात तर पाहुणे संकोचतात, कोणी पहिला घाव घालत नाही. निम्मा कापून ठेवा, निम्मा तसाच, शेजारी सुरी. ब्री केकसारखी त्रिकोणी कापा, वरची पांढरी साल खायचीच असते, हे दोनदा तरी कोणी विचारेल. क्रीम चीजचा गोळा किंवा शेळीच्या दुधाचं चीज सुरीला चिकटतं. त्याला दोरा वापरा, उकडलेलं अंडं कापतो तसा. विळी मात्र नको. आमच्याकडे एकदा चेडरचा ठोकळा विळीवर धरला गेला आणि पात्यात असा रुतला की दोन माणसं लागली.

सलामीची गुलाबाची फुलं करायची हौस असेल तर लहान ग्लासाच्या काठावर चकत्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा एकावर एक चढवत जा, दोन-तीन फेरे, मग ग्लास ताटात उपडा करा. दोन फुलं पुरे. दहा केली तर लग्नातल्या रुखवतासारखं दिसतं.

घड्याळ उलटं धरून

पाहुणे आठला येणार असं धरू.

आदल्या रात्री गोठवलेलं मांस खालच्या कप्प्यात, दही फडक्यात, बर्फाचे ट्रे भरलेले. सकाळी फळं धुऊन वाळत घालायची आणि मिश्रणं घोटून ठेवायची. दुपारी चारला रोल वळून फ्रिजमध्ये, लाडू वळून फ्रिजमध्ये. सहाला घट्ट चीज कापून डब्यात, डब्याला झाकण. उघडं ठेवलं तर ते फ्रिजमधल्या कांद्याचा वास ओढतं. सातला काड्या. साडेसातला घट्ट चीज बाहेर काढा. चीज गारठलेलं असलं की जिभेला नुसतं मेण लागतं, चव कळायला त्याचा गारठा जरा उतरावा लागतो. थंडीच्या दिवसांत अर्धा तास, उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात. मांस मात्र शेवटपर्यंत आतच. पावणेआठला परातीत बर्फ, रोल कापणं, मांडणी. बेल वाजली की बिस्किटांचं पाकीट फोडायचं, त्याआधी नाही.

पहिल्यांदा करत असाल तर या चार प्रकारांतले दोनच करा. रोल आणि काड्या.

कोण येणार आहे

हे खरं तर सगळ्यात आधी विचारायचं. तारीख ठरवतानाच कॅलेंडर बघा. श्रावण सगळ्यांच्या लक्षात असतो, पण डिसेंबरातले मार्गशीर्षाचे गुरुवार हमखास विसरले जातात आणि निम्मी मंडळी द्राक्षं खात बसतात. पोर्क न खाणारा पाहुणा असेल तर चिकन वेगळ्या ताटात ठेवा, नुसतं ‘हे चिकन आहे’ म्हणून भागत नाही, कारण चकत्या दिसायला सारख्याच असतात.

शाकाहारी पाहुण्यांचं ताट वेगळ्या टेबलावर, वेगळ्या सुरीने कापलेलं. आणि चीज म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरू नका. इटलीचं खरं पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साखळवणाऱ्या पाचक द्रव्याने, विरजतात. भारतात बनलेली बरीचशी चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटची असतात. पाकिटावर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, एवढं बघितलं की काम झालं.

गरोदर बाई येणार असेल तर तिला हे गार मांस देऊ नका, आग्रह तर मुळीच नको. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो आणि गरोदरपणात तो पोटातल्या बाळाला धोकादायक ठरतो. वाफा येईपर्यंत गरम केलेली सलामी चालते, पण मग गॅस पेटवावा लागतो. तिच्यासाठी पाश्चराइज केलेल्या दुधाचं घट्ट चीज, धुतलेली फळं आणि कडक भाकरी यांची वेगळी बशी करा. ब्रीसारखं मऊ, सालीचं चीज तिच्या बशीत नको. फार म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेली माणसं यांनाही हेच लागू. डोहाळजेवणाला तर हा सगळा बेतच नको, तिथे आपली कढई बरी.

उरलं तर

बाहेर दोन तास, उन्हाळ्यात तासभर, राहिलेलं मांस आणि मऊ चीज टाकून द्या. जीव तुटतो, पण द्या. घट्ट चीज आणि सुका मेवा ठेवता येतो. फ्रिजमधून बाहेरच न निघालेलं दुसरं ताट दुसऱ्या दिवशी उपयोगी: रोलचे तुकडे चिरून ऑम्लेटमध्ये, सलामी आणि गौडा पावात घालून तव्यावर. चीजचा लाडू फ्रिजमध्येच उरला असेल तर तो गरम चपातीवर फासून मुलांच्या डब्यात. आमच्याकडे लाडू कधी उरत नाही. साखरांब्याची वाटी मात्र दर वेळी कोणीतरी पुसून खाल्लेली सापडते.